सरांचं लॅटिन

आमच्या सरांना लॅटिन किती येत होतं, हे सांगू शकेल असा माणूस अख्ख्या कोल्हापुरात नव्हता. त्यामुळे ते त्यांना उत्तम येतं असं आम्ही धरूनच चाललो होतो. सकाळी रंकाळ्याला फेरी मारून आम्ही पंधरा-वीस पोरं धापा टाकत परत आलो, की सर गल्लीच्या तोंडाशी सायकल धरून उभे असायचे. पाण्याचा घोट घ्यायच्या आधी एकेकाने पुढे यायचं आणि म्हणायचं, ‘मेन्सा, मेन्सा, मेन्साम, मेन्साए, मेन्साए, मेन्सा.’ मेन्सा म्हणजे टेबल, आणि ही त्या एका टेबलाची सहा रूपं. आमच्यातल्या निम्म्या पोरांच्या घरी टेबल नव्हतं.

त्या वेळेला दूध घालायला निघालेला एक गवळी रोज आमच्या बाजूने जायचा. ऐकून ऐकून त्याचं पाठ झालं. एकदा एका पोराला चौथं रूप आठवेना, तर गवळ्याने किटल्या अडकवलेल्या सायकलवरूनच सहाच्या सहा घडाघडा म्हणून टाकली. सरांनी त्याला थांबवून कडक सलाम ठोकला. पुढे महिनाभर आम्हाला ऐकावं लागलं, “त्यो म्हशी राखून शिकला, आनि तुमी रताळी नुसती भात गिळालाय.”

हे आठवलं की अजून हसू येतं, पण ते फार वेळ टिकत नाही. चंदगडकडच्या एका घरात सरांच्या नावावर एक दोष लागला होता आणि तो माझा होता. अकरा वर्षं तो त्यांच्या नावावर राहिला आणि मी राहू दिला. ते सांगायचं म्हणून लिहायला बसलो आहे. पण सर कसे होते हे आधी कळलं नाही, तर ते त्या घरात तसं का बोलले हेही कळायचं नाही.

सर सैन्यात अधिकारी होण्यासाठी परीक्षा देणाऱ्या मुलांचा क्लास चालवायचे. शुक्रवार पेठेत खाली उतरणाऱ्या बोळात त्यांच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत क्लास आणि मागच्या खोलीत ते, एक स्टोव्ह आणि एक कॉट. लग्न केलेलं नव्हतं. गणित, इंग्रजी, सामान्य ज्ञान हे सगळं ते शिकवायचेच, पण दिवसाची सुरुवात आणि शेवट लॅटिनने. ते कुठल्याच परीक्षेला नव्हतं. एका पोराच्या बापाने, हुपरीचा चांदीचा कारागीर होता तो, एकदा तोंडावर विचारलं, “सर, ह्येचा उपेग काय?”

“काय न्हाई.”

“मग कशाला घोकून घेतायसा?”

“पावणं, तुमी पैंजणाला घुंगरू लावताय, त्येचा उपेग काय?”

“वाजतंय की.”

“ह्ये बी वाजतंय,” सर म्हणाले आणि सहा रूपं म्हणून दाखवली. बाप मुकाट्याने पोराला ठेवून गेला.

सरांचा डावा पाय गुडघ्यातून वाकत नसे. तरी ते सायकलवरूनच हिंडायचे. उजव्या पॅडलला चामड्याचा पट्टा मारून घेतला होता, त्यात पाय अडकवून एकाच पायाने सायकल मारायची आणि दुसरा पाय सरळ पुढे काढून धरायचा. चढ आला की उतरून ढकलायची, पण कुणी ‘बसा मागे’ म्हटलं की चिडायचे. दर रविवारी दाराच्या पायरीवर बसून ते काळ्या बुटांचा एक जोड चकचकीत पॉलिश करत. तोंड दिसेल इतका. पुसून झाला की परत कागदात गुंडाळून कॉटखाली. बाहेर जाताना पायात कायम साध्या चपला. ते बूट घालताना त्यांना कुणी पाहिलं नाही.

सर सैनिक नव्हते. व्हायला गेले होते. सतराव्या वर्षी अकादमीत निवड झाली आणि दुसऱ्याच सहामाहीत उंच भिंतीवरून उडी मारताना गुडघा गेला. घरी पाठवलं. पण त्याच्या तीन महिने आधी त्यांच्या एका सीनियरने ते पुस्तक त्यांच्या हातात ठेवलं होतं.

पुस्तक लॅटिन शिकणाऱ्या पोरांचं पहिलं पुस्तक होतं. तळहातापेक्षा थोडं मोठं, तपकिरी कातड्याची बांधणी, कोपरे झिजून गोल झालेले, विलायतेत छापलेलं, शंभराहून जास्त वर्षांचं. पानांना खोकल्याच्या औषधासारखा वास यायचा. पहिल्या कोऱ्या पानावर एका गोऱ्या कॅडेटची सही होती. देश सोडून जाताना त्याने ते आपल्या बरोबरच्या इथल्या कॅडेटला दिलं. त्याने अधिकारी होऊन बाहेर पडताना मागच्या पोराला दिलं, त्याने त्याच्या मागच्याला. ज्याच्याकडे आलं त्याने आपलं नाव लिहायचं, प्रशिक्षण संपेपर्यंत ते सांभाळायचं आणि नेमणुकीवर जायच्या आधी पुढच्याच्या हातात द्यायचं. अशी नऊ नावं झाली. मग ते सरांकडे आलं आणि सर घरी आले.

सीनियरला त्यांनी पत्र लिहून विचारलं, पुस्तक परत पाठवू का? त्याचं उत्तर आलं, पुढच्याला दे. आता शुक्रवार पेठेतल्या घरात पुढचा कुठून आणायचा? म्हणून सरांनी क्लास काढला. लोकांना वाटायचं क्लास गरिबाच्या पोरांसाठी आहे. पोरांसाठी होताच, पण मुळात तो पुस्तकासाठी होता. पुस्तक द्यायला कुणीतरी अकादमीत जाईल असा पोरगा हवा होता, आणि तो तयार करायला त्यांना सहा वर्षं लागली. त्यानंतर मात्र दर दोन-चार वर्षांनी एखादा लागत गेला.

नावांच्या पानावर नवव्या नावानंतर बोटभर जागा मोकळी होती आणि मग आमच्या क्लासचा पहिला पोरगा. मी एकदा विचारलं, “सर, तुमचं नाव न्हाई?”

“मी झालो व्हय सैनिक?”

“पण पुस्तक तुमच्याकडं होतं की.”

“पोस्टमनकडं बी पत्र असतंय. त्यो सही करतोय काय आत?”

म्हणूनच त्यांचा नेम असा, की पुस्तक देताना-घेताना आपण तिथे असायचं नाही. देणारा आणि घेणारा, दोघांनीच भेटायचं. पोस्टाने पाठवायचं नाही, कुणाकडे ठेवून जायचं नाही, सरांकडे तर नाहीच. हातातून हातात. “दोन सैनिकांच्या मधी मास्तर कशाला कडमडाय पाहिजे?” असं म्हणायचे. पोरंही हा नेम देवाधर्मासारखा पाळायची. एकाने म्हणे लग्नाच्या दिवशी अक्षता पडल्यावर मंडपातून उठून रेल्वे स्टेशन गाठलं होतं. आम्ही त्यावर खूप हसलो होतो, पण आपणही असंच करू असं प्रत्येकाला वाटत होतं. मलाही वाटत होतं.

सरांची दुसरी ख्याती म्हणजे ते खोटं बोलायचे नाहीत. बोलायचे नाहीत म्हणजे त्यांना ते जमायचंच नाही. कुणी विचारलं, “सर, आमचा पोरगा लागंल न्हवं?” तर सरळ सांगायचे, “छाती भरंल. डोकं भरायचं न्हाई. डेअरीत लावा.” वर्तणुकीचा दाखला मागितला की मुलाच्या तोंडावर खरं लिहून द्यायचे. माझ्या दाखल्यावर तीन वाक्यं होती : मुलगा चांगला धावतो. वेळ पाळत नाही. खोटं बोलताना याचे कान लाल होतात. असला दाखला कुठे दाखवणार? आईने तो देवाच्या फोटोमागे खोचून ठेवला.

आता भरमूचं सांगतो. तो माझ्या चार वर्षं आधी क्लासला होता. चंदगडच्या पुढे एका वाडीवर त्याचं घर. बाप लहानपणीच गेला, घरी आई आणि ती एकटीच भात आणि काजू बघायची. अकादमीतून सुट्टीला आला की भरमू आधी कोल्हापुरात उतरून एक सकाळ आमच्याबरोबर पळायचा, पुस्तक दाखवायचा आणि मग चंदगडची गाडी धरायचा. क्लासमधल्या सगळ्या पोरांत लॅटिनची खरी गोडी लागलेला तो एकटाच. गावी म्हशी सोडताना तो ती टेबलाची रूपं मोठ्याने म्हणायचा आणि म्हशी वळतात, असं शपथेवर सांगायचा. सर त्याच्याकडे बघायचे तेव्हा त्यांचा चेहरा जरा वेगळा व्हायचा. तेवढ्यावरून आम्हाला कळायचं.

त्याचं प्रशिक्षण संपलं आणि त्याच उन्हाळ्यात माझी निवड झाली. म्हणजे पुस्तक भरमूकडून माझ्याकडे यायचं होतं. त्याला नेमणुकीवर जायच्या आधी आठ दिवसांची सुट्टी होती. फोनवर ठरलं, मंगळवारी अकरा वाजता, सीबीएस एस.टी. स्टँडवर, चंदगडच्या फलाटापाशी. तो गावाहून उलटा कोल्हापूरला येणार, पुस्तक देणार आणि दुपारच्या गाडीने परत जाणार.

त्याच मंगळवारी गल्लीतल्या मंडळाने माझी मिरवणूक काढली.

मला आधी माहीत नव्हतं असं म्हणणार नाही. सोमवारीच चौकात फ्लेक्स लागला होता. माझा हात कमरेवर ठेवलेला फोटो, मागे ढग, त्यातून विमानं निघालेली, खाली मंडळाच्या चाळीस कार्यकर्त्यांची मुंडकी आणि कोपऱ्यात सरांचा फोटो : ‘मार्गदर्शक, माजी सैनिक’. मंगळवारी सकाळी सर सायकलवरून आले, पानपट्टीवाल्याकडून स्टूल मागून घेतलं, तो वाकत नसलेला पाय घेऊन त्यावर चढले आणि ब्लेडने स्वतःचा चौकोन कापून काढला. मंडळाची पोरं ओरडायला लागली. “मी माजी सैनिक न्हाई,” सर वरूनच म्हणाले. “खोटं छापायचं असलं तर तुमच्या मुंडक्याखाली छापा की.” तो चौकोन घडी घालून खिशात ठेवून ते गेले. माझ्या फ्लेक्सला कोपऱ्यात भोक पडलं आणि मला त्यांचा भयंकर राग आला.

साडेदहाला उघडी जीप आली. हलगी आली, गुलाल आला, गळ्यात हार पडले. खिशात फोन वाजत होता, पण तो ऐकू येण्यासारखी परिस्थिती नव्हती. मी मनात म्हटलं, अर्धा तास उशीर होईल. मग तासभर म्हटलं. मिरवणूक महाद्वार रोडला आली तेव्हा एका दुकानाच्या पायरीवर सर उभे दिसले. मला बघून त्यांनी दोन्ही हात जोडून उघडले, पुस्तक उघडल्यासारखे, आणि मान वर करून विचारलं : घेतलंस?

मी मान डोलावली. संध्याकाळी घेणारच होतो, म्हणून डोलावली. माझ्या सबंध तोंडावर गुलाल होता, त्यामुळे कान दिसत नव्हते. सर हसले. मला वाटतं, त्यांना तसं मोकळं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी जेवणं होती, भाषणं होती. सात वाजता भरमूशी बोललो. तो म्हणाला, “आसूंदे गा. मी ऱ्हातो आज. उद्या ये.” दुसऱ्या दिवशी हातकणंगल्याला मामाच्या गावात सत्कार निघाला. ग्रामपंचायतीसमोर मांडव घातला होता. मी मामाला ‘मला कोल्हापूरला जायचंय’ असं एकदा म्हटलं, एकदाच. दुपारी भरमूचा परत फोन आला. मी म्हटलं, “सरांच्याकडं ठेवून जा की.”

“सरांच्याकडं ठेवाय येत न्हाई. ठावं हाय न्हवं तुला.”

“मग पुढच्या सुट्टीत दे.”

“बरं. पुढच्या सुट्टीत,” तो म्हणाला. रागावलेला वाटला नाही.

तो नेमणुकीवर गेला, मी अकादमीत गेलो. त्या वर्षीच्या थंडीत त्याच्या चौकीवर बर्फाचा कडा कोसळला. चार माणसं गेली, त्यात तो.

मी पहिल्या सुट्टीवर आलो तेव्हा सरांनी निरोप पाठवला, उद्या चंदगडला जायचं आहे, वर्दी घालून ये. कडक इस्त्री कर. एस.टी.त ते खिडकीशी बसले होते, पाय मधल्या वाटेत सरळ सोडलेला. येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यावर अडखळायचा. एवढंच म्हणाले, “त्येच्या आईच्या हातनं तू पुस्तक घ्यायचंस. आता तीच देणार.” मी पुस्तक घेतलं नव्हतं हे त्यांना केव्हा कळलं, हे मी विचारलं नाही. विचारायची छाती नव्हती.

वाडीवर काजूच्या झाडांमधून वर चढून गेलो. सरांना ती चढण फार जड गेली. घराच्या पडवीत पलटणीकडून आलेली, पांढऱ्या रंगाने भरमूचं नाव घातलेली काळी ट्रंक होती आणि ट्रंकेवर पुस्तक. आई बाहेर आली. वाळलेली, उंच बाई. तिने आधी माझ्या वर्दीकडे पाहिलं आणि पाहतच राहिली. मग सरांकडे वळली.

“पुस्तक न्यायला आलायसा व्हय?”

सर पडवीचा खांब धरून उभे राहिले.

“आट दिसाची सुट्टी हुती त्येला,” ती म्हणाली. “आट. त्यातलं दोन दिस कोल्लापुरात त्या स्टँडावर बसला. येनं-जानं धरून तीन. मी म्हनलं, कोन पोरगी हाय काय गा? तर म्हनला, आव्वा, पुस्तक द्याचं हुतं, त्यो मानूस आलाच न्हाई. वड्या करून ठेवल्या हुत्या मी. तशाच ऱ्हायल्या.” तिचा आवाज चढला नाही. “नाव न्हाई सांगटलं त्येनं. कोन यायचं हुतं?”

मी वर्दीत ताठ उभा होतो. तोंड उघडायचं एवढंच काम होतं. मी उघडलं नाही.

“मी,” सर म्हणाले. “मी यायचा हुतो. आलो न्हाई.”

“का?”

“न्हाई आलो.”

बाईने त्यांच्याकडे नखशिखांत बघितलं. मग आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला आणि माझ्या हातात दिला. सरांना विचारलं नाही. एवढी चढण चढून आलेला म्हातारा माणूस, घाम कपाळावरून डोळ्यांत उतरत होता. मी त्यांच्यासमोर ते पाणी प्यालो. आज मला त्या पाण्याची चव आठवते आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

“पुस्तक मिळायचं न्हाई,” ती म्हणाली. “तुमच्या हातात तर मुळीच न्हाई. पन तुमीच शिकीवलंय न्हवं त्येला? म्हसरं सोडताना म्हनायचा कायतरी. ते म्हना. मला आयकायचं हाय.”

सर पडवीच्या कडेला बसले, पाय पुढे सोडून. तिने पुस्तक उघडून समोर धरलं. त्यांना बघायची गरज नव्हती. त्यांनी सहा रूपं म्हटली, मग पुढची, मग त्याच्या पुढच्या धड्यातली. पाव तास तरी म्हणत होते. बाई दाराला टेकून ऐकत होती.

“देवाचं हाय काय ह्ये?” तिने विचारलं.

“न्हाई. टेबलाचं.”

“म्हंजे?”

“टेबल, टेबलाला, टेबलाचं. तसं हाय ते.”

दुसरा कुणी असता तर त्या माउलीला ‘देवाचं आहे’ म्हणून मोकळा झाला असता. सरांना तेवढंही खोटं बोलता आलं नाही, आणि तेच सर अर्ध्या तासापूर्वी माझ्यासाठी धडधडीत खोटं बोलले होते. “आसूंदे टेबलाचं,” ती म्हणाली. “परत म्हना.”

परतीची गाडी आजऱ्याला थांबली. मग मी म्हटलं, “सर, तुम्ही असं का...”

“तू वर्दीत हुतास,” ते बाहेर बघत म्हणाले. “तिचा पोरगा त्या वर्दीत गेला. आता त्या वर्दीतला मानूस बी तिला खोटा वाटला, तर तिच्याकडं ऱ्हायलं काय? मला काय, मला वर्दीच न्हाई.” थोड्या वेळाने परत म्हणाले, “आनि त्यो त्या मंगळवारी माझ्याकडंच झोपायला आलाता. पुस्तक उशाला घेऊन. मला ठावं झालं हुतं तवाच. तुझी मानगूट धरून न्यायला पायजे हुतो मी स्टँडावर. नेम नेम करत बसलो. तवा अगदीच खोटं न्हाई ते.”

त्यांनी मला गप्प बस असं सांगितलं नव्हतं. मीच ते हुकूम म्हणून घेतलं, कारण ते माझ्या सोयीचं होतं.

पुस्तक गेलं आणि क्लासही गेला. हाताशी असलेली बॅच त्यांनी पूर्ण केली, नवी पोरं घेतली नाहीत. लोक म्हणाले, म्हाताऱ्याचं आता होत नाही. सकाळी गल्लीच्या तोंडाशी मात्र ते सवयीने उभे राहायचे. समोरून दुसऱ्याच कुठल्या क्लासची पोरं टी-शर्ट घालून पळत जायची, त्यांच्याकडे बघायचे आणि आत जायचे. बूट पॉलिश करणं चालू होतं. मी सुट्टीला आलो की भेटायला जायचो. लेफ्टनंट होऊन पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी मला स्वतःच्या कॉटवर बसवलं आणि आपण पायरीवर बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दर वर्षी भरमू गेला त्या दिवशी ते चंदगडला जायचे. हे मला त्यांच्याकडून कळलं नाही. एस.टी.चा एक कंडक्टर आमच्या गल्लीतला होता, त्याने सांगितलं. म्हातारा पहाटेच्या गाडीला येतो, पाय वाटेत सोडून बसतो, चंदगडला उतरून वाडीची वाट धरतो, आणि तिथे म्हणे पडवीत बसून कसले तरी मंत्र म्हणतो. ती बाई त्याला आत घेत नाही, काही विचारत नाही, ऐकून झालं की पुस्तक उचलून आत जाते. मंत्र म्हणून झाले की तो उतरतो. “काय केलंय काय त्येनं?” कंडक्टरने मला विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. हे दुसरं खोटं. अशी अकरा वर्षं गेली आणि या काळात मी दोनदा बढती घेतली.

गेल्या वर्षी सर गेले. मी लांब होतो, तिसऱ्या दिवशी पोचलो. शेजाऱ्यांनी सगळं नीट केलं होतं. तो गवळी, आता पार म्हातारा झालेला, रक्षा विसर्जनाला पंचगंगेवर आला होता. त्याने घाटावर उभं राहून सहा रूपं म्हटली. मधे एक चुकला. कुणी दुरुस्त केलं नाही.

मग त्या थंडीत, त्या दिवशी, मी चंदगडला गेलो. वर्दी घातली नाही. बाईने मला ओळखलं नाही. सांगितल्यावर आठवलं, “ते पानी पिलेलं पोरगं,” म्हणाली आणि आत बोलावलं. घोंगडं अंथरलं, चहा टाकला. “म्हातारं आलं न्हाई औंदा,” ती म्हणाली. “सकाळधरनं दोनदा वाटंवर जाऊन बगून आलो.” त्या भागात बाया स्वतःला ‘आलो, गेलो’ म्हणतात, तसंच ती म्हणाली.

मी सांगितलं, सर गेले. तिने चुलीत लाकूड पुढे सारलं. “वाईट झालं,” म्हणाली. “पन त्येनं माज्या पोराचं दोन दिस खाल्लं गा. ते कसं इसरू?”

“मावशी,” मी म्हटलं, “ते यायचे नव्हते. मी यायचा होतो.”

तिला कळायला वेळ लागला. मी सगळं सांगितलं.

“का आला न्हाईस?”

“मिरवणूक होती. माझीच.”

“दोन दिस?”

“दुसऱ्या दिवशी सत्कार होता.”

“आनि त्यो म्हातारा ‘मी’ म्हनला ते?”

“मी तुमच्या पोराच्या वर्दीत होतो म्हणून. त्या वर्दीवरचा तुमचा विश्वास उडू नये, असं म्हणाले.”

चहा उतू गेला. तिने हाताने पातेलं उतरवलं आणि तसंच खाली ठेवलं.

“अकरा वर्सं भाईर बसीवलं गा मी त्येला,” ती म्हणाली. “एका वर्साला ताप हुता अंगात. थरथरत हुतं म्हातारं. तरी म्हन म्हनलं.” मग माझ्याकडे वळून, अजिबात आवाज न चढवता : “पैल्याच वर्साला बोल्ला असतास, तर तुला शिव्या घातलो असतो. चार दिस रडलो असतो. मग तुमा दोगांस्नी बी जेवाय वाडलो असतो. आता कुनाला वाडू?”

ती उठली, मधल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. मी बाहेर आलो. पडवीच्या कडेला, सर बसायचे तिथे, चारच्या गाडीची वेळ होईपर्यंत बसून राहिलो.